बाईंच्या मागची रांग

बाईंनी हातातला लाकडी ठोकळा मुद्दाम खाली टाकला. तो चटईवरून घरंगळत कपाटाच्या पायाशी गेला. तो उचलायचं निमित्त करून बाई दोन्ही हात जमिनीला टेकून ओणव्या झाल्या. आधी डावा गुडघा वर. मग डाव्या पावलावर सगळा भार. उजवा पाय एखादी फळी सरकवावी तसा बाजूने सपाट ओढून घ्यायचा, बोटांवर उभा करायचा नाही. कपाटाच्या कडेला हात लागला की अर्धी लढाई जिंकली. बाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात ठोकळा होता, चेहऱ्यावर हसू होतं आणि पाठीवर घामाची एक सरळ धार उतरत होती.

"बाई, तुमचा ठोकळा रोज पडतो," वकील म्हणाला.

"रोज नाही काही. काल पेन्सिल पडली होती," टपालने दुरुस्ती केली.

बालवर्गात बावीस मुलं होती आणि बाईंनी बहुतेकांची बारशी नव्याने केली होती. प्रत्येक गोष्टीत नियम काढून भांडणारा तो वकील. घरातली बातमी शाळेत आणि शाळेतली घरी, शिळी व्हायच्या आत पोचवणारी ती टपाल. टपालला सांगितलेली गोष्ट शाळा सुटेपर्यंत शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना कळलेली असे. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनाही हे ठाऊक होतं. मुलांच्या घरी एखादा निरोप नक्की पोचायला हवा असला की त्या चिठ्ठी देण्याऐवजी टपालला बोलावत.

"चला, रांग," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. या वर्गात सूचना कमी आणि करून दाखवणं जास्त, अशी बाईंची पद्धत होती. हात कसे धुवायचे, वही कशी उघडायची, रडणाऱ्याच्या शेजारी कसं बसायचं, सगळं त्या न बोलता करून दाखवत आणि मुलं बघून करत. लहान मुलाला चार वाक्यं सांगितली तर त्यातली तीन हवेत जातात. एकदा दाखवलेलं मात्र हाडात जातं, असं त्या नव्या शिक्षिकांना सांगत. एकतीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं.

रांग निघाली. वर्गातून लांब ओसरीने नळापर्यंत. पुढे बाई, मागे टपाल, तिच्यामागे बाकीचे. सगळे अनवाणी, कारण वर्गाचा पहिला नियमच तो होता. इथे जमिनीवर बसायचं, जमिनीवर चित्रं काढायची, जमिनीवर लोळायचं. बाहेरचे बूट-चपला दाराशी फळीवर. मध्यंतरी बाईंनी एकदा जाड मोजे घालून पाहिले होते. वकिलाने तिथल्या तिथे हरकत घेतली.

"बाई, मोजे? नियम म्हणजे नियम."

बाईंनी मोजे काढले होते.

माणूस पाऊल टाकतो तेव्हा आधी टाच टेकते, मग तळवा, आणि टाच उचलताना सगळं अंग क्षणभर पायाच्या अंगठ्यावर तोललं जातं. अंगठा मागे वळतो, जमिनीला ढकलतो आणि पुढचं पाऊल पडतं. हे सगळं होतं याचा आपल्याला पत्ताही नसतो. बाईंनाही चोपन्न वर्षं नव्हता. मग उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक टणक गाठ आली, अंगठा वळायचा कमी होत होत एक दिवस वळेनासाच झाला. बिजागरी गंजली आहे असं समजा, डॉक्टर म्हणाले होते. हाडावर हाड घासतंय. कडक तळाचे बूट घाला, जमिनीवर बसणं-उठणं बंद, आणि अनवाणी चालणं तर अजिबातच नको.

बाईंना तेव्हा हसूच आलं होतं. डॉक्टरांनी एक-एक करून त्यांची नोकरी वाचून दाखवली होती आणि प्रत्येक ओळीपुढे 'नको' लिहिलं होतं.

"आणि शस्त्रक्रिया?" त्यांनी विचारलं होतं.

"करता येईल. सांधा कायमचा जोडून टाकतात. दुखायचा थांबेल. पण वळायचा नाही तो, बाई. उकिडवं बसणं विसरायचं."

म्हणजे औषधानेही तेच होणार होतं जे रोगाने होत होतं. त्या दिवसापासून बाई पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला शिकल्या. पाय जरा बाहेर वळवायचा, अंगठ्याला जमिनीपासून वाचवायचं आणि शेवटी एक बारीकशी उडी घेऊन डाव्यावर यायचं. झाकली मूठ होती. करार दरवर्षी नवा होई आणि त्यात स्वच्छ छापलेलं होतं की बालवर्ग घेणारीला जमिनीवर बसता-उठता आलं पाहिजे. आधीच्या बाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांना काढलं नाही कुणी. त्यांना खुर्ची दिली, साठवणीच्या खोलीत, खडूंच्या खोक्यांजवळ. मुलं मधूनमधून खडू मागायला जात. वर्षभर त्या तिथे बसल्या आणि मग एक दिवस यायच्याच थांबल्या. त्यांना कुणी निरोपसुद्धा दिला नाही, कारण त्या कधी गेल्या हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर टपालची आई दाराशी थांबली. ती घरी शिवणकाम करायची. ओढणीला सतत दोन-चार टाचण्या टोचलेल्या असत.

"बाई, पाच मिनिटं आहेत का?"

"आहेत की. या."

तिने फळीवरचे टपालचे बूट उचलले आणि बाईंसमोर उलटे धरले.

"हे बघा. तीन महिन्यांचे बूट आहेत. डावा बघा, कोरा. आता उजवा बघा."

उजव्या बुटाचा तळ बाहेरच्या कडेने झिजून तिरका झाला होता.

"मुलं पाय घासतात हो," बाई म्हणाल्या.

"घासतात ती पुढून घासतात. ही बाहेरून घासतेय. मी दिवसभर लोकांची मापं घेते बाई, माणूस दारातून आत आला की कुठला खांदा उतरलाय ते मला दिसतं. हिचा पाय वाकडा पडतोय. घरी दिवसभर शाळा-शाळा खेळते, इकडून तिकडे चालत असते, आणि मी शिवता शिवता बघत असते. आधी वाटलं, भास आहे."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. फोटो काढले. हाड चांगलं आहे म्हणतात, पण पाय वळण चुकीचं घेतोय. वाढतं वय आहे, आत्ताच आवरलं पाहिजे. रात्री पायाला साचा बांधून झोपवायचं. घोट्यापासून इथपर्यंत." तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वर्षभर. पुढच्या गुरुवारी माप द्यायला बोलावलंय. आजपासून दहा दिवस."

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"झोपेत कूस बदलली तरी उठून बसते ती. तिला बांधून ठेवायचं कसं, तुम्हीच सांगा." आईने बूट परत फळीवर ठेवले, अगदी जोडीने, टाचेला टाच लावून. "तुम्ही दिवसभर बघता तिला. वर्गात तुम्हाला कधी काही दिसलं नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. रांगेत त्या नेहमी पुढे असत.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढल्या. थोरल्या बहिणीने, ताईने, दार उघडून ठेवलं होतं. ताईने सगळं आयुष्य पुस्तकबांधणीत काढलं होतं आणि आता घरी बसूनही तिच्या हाताशी पुठ्ठे आणि खळ असायची. बाईंच्या चपलांमध्ये तिने बांधणीचा जाड पुठ्ठा कापून बसवला होता, म्हणजे तळ वाकू नये. रस्त्यावर त्याचा थोडा उपयोग व्हायचा. वर्गात काय उपयोग? जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

बाईंनी चप्पल काढली आणि पुठ्ठा सरळ करायला हातात घेतली. ती हातात उलटली. तळ बाहेरच्या कडेने झिजून तिरका झाला होता.

"काय गं, चप्पल वाचतेस का?" ताईने आतून विचारलं.

बाई चप्पल हातात धरून दारातल्या स्टुलावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रांगेच्या वेळी त्या म्हणाल्या, "आज वकील पुढे. मी सगळ्यांच्या मागे."

"पण नियम..."

"आजचा नियम असा आहे."

रांग निघाली आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिला मागून पाहिलं. बावीस उजवी पावलं बाहेर वळली होती. बावीस पावलं कडेवरून फिरून येत होती आणि शेवटी प्रत्येकाची बारीकशी उडी पडत होती, टुप, टुप, टुप, अगदी तालात. कुणी लंगडत नव्हतं. कुणाला काही होत नव्हतं. पाढा बिनचूक यावा तशी त्यांना ती चाल येत होती, आणि त्यांच्या पाठी अभिमानाने ताठ होत्या.

समोरून मोठ्या बाई आल्या. रांगेला वाट द्यायला भिंतीशी थांबल्या.

"बदकाची चाल संपली वाटतं, बाई? ही कुठली नवीन?"

"ही... अशीच," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई हसून पुढे गेल्या. बाईंच्या वर्गाचं काही ना काही चाललेलंच असतं, याची शाळेला सवय होती.

नळापाशी बाईंनी टपालला जवळ बोलावलं.

"रांगेत तू कशी चालतेस गं? मला दाखव."

"रांगेची चाल," टपाल म्हणाली. "तुम्ही शिकवलीत ना. न बोलता." तिने पाय बाहेर वळवला. "आधी असा. मग कडेवरून असा. मग छोटीशी उडी. मला पहिल्यांदा उडी जमतच नव्हती. मग मी घरी सराव केला."

"खूप केलास?"

"खूप. आता न ठरवतासुद्धा येते."

बाईंनी तिचे ओले हात आपल्या रुमालाने पुसले. एकेक बोट पुसलं. मग पुन्हा पहिल्यापासून पुसलं.

"सांगून टाक," संध्याकाळी ताई म्हणाली. पाण्याच्या घमेल्यात बाईंचा पाय होता आणि ताई वरून गार पाणी ओतत होती. "तिच्या आईला सांग, पोर माझी नक्कल करतेय. एका वाक्याचं काम आहे."

"त्या वाक्याच्या मागोमाग माझी खुर्ची येईल. पुढच्या बुधवारी मोठ्या बाई वर्ग बघायला येतायत, कराराचा कागद घेऊन."

"येऊ दे. आणि त्या पोरीला साचा बांधला म्हणजे?"

"नाही बांधणार. अजून आठवडा आहे. माझं बघून शिकली ना? मग माझंच बघून विसरेल. मी सरळ चालले की सगळी सरळ चालतील."

ताईने तांब्या खाली ठेवला.

"तू सरळ चालणार. या अंगठ्यावर."

"हो."

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणणार आहेस?"

"आणायचं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "मला मुलांशिवाय दुसरं काय येतं, ताई? मी खडूंच्या खोक्यांशेजारी बसून काय करू? मला वेड लागेल गं."

ताईने पुन्हा तांब्या उचलला. ती पाणी ओतत राहिली, घमेलं भरून जमिनीवर सांडायला लागलं तरी.

वर्गापासून नळापर्यंत बासष्ट पावलं होती. म्हणजे उजवी एकतीस. जाताना एकतीस, येताना एकतीस, दिवसातून चार वेळा. बाई सरळ चालल्या. टाच, तळवा, अंगठा. टाच आणि तळवा सोपे होते. अंगठ्यावर भार आला की न वळणाऱ्या सांध्यात कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं होई आणि पायाची आग मस्तकाला जाई. पहिल्या दिवशी अठराव्या पावलाला त्यांच्या डोळ्यांपुढे काळोख आला. त्या भिंतीला टेकल्या आणि मुलांना भिंतीवरची मुंगी दाखवली. सुदैवाने तिथे मुंगी होती.

मग त्यांनी युक्ती शोधली. उजवं पाऊल उचलायच्या आधी श्वास धरायचा, ओठ आत घ्यायचे, हनुवटी वर करून लांब नळाकडे बघायचं. डाव्यावर आलं की सोडायचं. त्याने आवाज तोंडातून बाहेर पडत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. रांगेत त्या आधी गाणं म्हणत. आता गाण्याला श्वास उरत नव्हता. जमिनीवरून उठताना आता ठोकळा टाकत नव्हत्या, चारचौघींसारख्या बोटांवर भार देऊन उठत होत्या, कारण तेही कुणीतरी शिकत असेल ही भीती त्यांच्या मनात बसली होती. मधल्या सुट्टीत त्या न्हाणीघराची कडी लावून पाय गार फरशीवर दाबून उभ्या राहत. दोनदा उलटी झाली. चौथ्या दिवशी सांधा इतका सुजला की घरी गेल्यावर पायावर चादरसुद्धा ठेववेना. ताईने चादरीखाली पुठ्ठ्याची कमान उभी करून दिली.

पण मुलं सुधारली. बाई मधूनच वकिलाला पुढे धाडून मागून बघत. तिसऱ्या दिवशी टपालचं पाऊल सरळ झालं. चौथ्या दिवशी निम्मी रांग. सोमवारी शेवटची उडीसुद्धा गेली. बावीस पाठी, चव्वेचाळीस पावलं, सगळी नाकासमोर.

"वर्ग किती शांत झालाय तुमचा," मोठ्या बाई मंगळवारी म्हणाल्या. "रांग जाते ते कळतसुद्धा नाही. आधी काय कलकलाट असायचा."

बाईंच्याही ते लक्षात आलं होतं. मुलं शहाणी होतायत, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

बुधवारी मोठ्या बाई फाईल घेऊन आल्या. तासभर मागे बसल्या. बाई जमिनीवर बसल्या, उठल्या, रांगल्या, पुन्हा बसल्या, आणि प्रत्येक वेळी ताईने पायाला घट्ट बांधलेल्या पातळ पट्टीखाली अंगठा ठणकत राहिला. शेवटी रांगेची वेळ झाली तेव्हा टपालची आईही ओसरीच्या वर्गाकडच्या टोकाला येऊन उभी होती. उद्या माप द्यायचं होतं. आज एकदा शाळेत बघते, म्हणून शिवण टाकून आली होती. हातात अजून मोजपट्टी होती.

"चला, रांग."

एकतीस पावलं. बाईंनी एकेक मनात मोजली. मोठ्या बाई आणि टपालची आई मागे वर्गाच्या दाराशी राहिल्या आणि रांगेच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. एकोणतीस. तीस. नळाचा कट्टा हाताला लागला. बाईंनी त्याला धरलं, श्वास सोडला आणि मागे वळून पाहिलं.

या चालीने चालणारी रांग त्यांनी समोरून अजून पाहिली नव्हती.

मुलं येत होती. पावलं सरळ पडत होती. डावं पाऊल पडलं तेव्हा बावीस चेहरे आपापले होते, कुणाचं नाक वाहत होतं, कुणी छताकडे बघत होतं. मग उजवं पाऊल उचललं गेलं आणि बावीस तोंडं एकदम मिटली. ओठ आत गेले. हनुवट्या वर झाल्या. श्वास थांबले. डोळ्यांच्या कडा आवळल्या. डावं पाऊल, आणि सगळे सुटले. उजवं, आणि पुन्हा.

सगळ्यांत पुढे टपाल होती. तिने खालचा ओठ दातांखाली धरला होता आणि तो पांढरा पडला होता. बाकीच्यांना जमत होतं तेवढं करत होते. तिला मात्र ते अगदी बिनचूक येत होतं. तिने घरी सराव केला असणार.

"बाई!" ओसरीच्या त्या टोकाहून आईची हाक आली. आवाजात पाणी होतं. "सरळ चालतेय हो! बघताय ना? सरळ चालतेय!"

तिच्या शेजारी मोठ्या बाईंनी फाईल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उघडली होती. पेनाचं टोपण काढलं होतं. त्यांनी लांबूनच हसून मान हलवली.

बाईंनी नुसती मान हलवायची होती. तेवढ्यानेच सगळं मिटत होतं. तिकडून फक्त पाठी दिसत होत्या. तोंडं फक्त बाईंना दिसत होती.

उजवं पाऊल उचललं गेलं. बावीस तोंडं मिटली.

बाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या. खाली नाही, वरती कट्ट्यावर, मोठी माणसं खुर्चीवर बसतात तशा. त्यांनी उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर ठेवला आणि पट्टी सोडायला लागल्या.

"इकडे या सगळे. आणि आधी ओठ सोडा."

"पण उजव्या पायाला धरायचे असतात," वकील म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही. न बोलता."

बाईंच्या हातातली पट्टी थांबली. मग त्यांनी ती पूर्ण काढली.

"आता बोलून सांगते," त्या म्हणाल्या. "हा माझा अंगठा. बघा. आपापला अंगठा हाताने मागे वळवून बघा बरं."

बावीस मुलं फतकल मारून ओल्या फरशीवर बसली आणि कामाला लागली.

"माझा वळतो."

"माझा तर मागेपर्यंत जातो!"

"माझे दोन्ही वळतात," वकील म्हणाला. "तुमचा?"

"माझा वळत नाही. म्हणून ढकलला की दुखतो. दुखतो म्हणून मी तोंड तसं करते. त्याआधी पाय वाकडा टाकायचे, तोही त्याच्यासाठीच. ती रांगेची चाल नव्हती, बाळांनो."

टपाल पुढे सरकली. तिने एका बोटाने ती लाल, टणक गाठ हळूच दाबून पाहिली आणि बाईंचा चेहरा आवळलेला बघून बोट पटकन मागे घेतलं.

"खूप दुखतं?"

"खूप," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी ताईलाही कधी सांगितला नव्हता.

"ठोकळा पडायचा तेव्हापण?"

"तेव्हापण."

टपाल विचारात पडली. एवढी मोठी बातमी तिच्याकडे आजवर कधी आली नव्हती.

"आईला सांगू?"

"सांग."

"आणि मोठ्या बाईंना?"

बाईंनी ओसरीच्या त्या टोकाकडे पाहिलं. मोठ्या बाई खिडकीच्या कट्ट्यावर ओणव्या झाल्या होत्या, पेन कागदाच्या वर होतं, आणि सही कुठे करायची ते त्या बोटाने शोधत होत्या.

"त्यांनाही," बाई म्हणाल्या. "पळ."

टपाल पळत सुटली. ओसरीभर तिच्या अनवाणी पायांचा फटफट आवाज घुमला. तोंड उघडं होतं, "आई! मोठ्या बाई! आई!" असा एकच ओरडा चालला होता, आणि प्रत्येक पावलाला टाच वर येत होती, अंगठा मागे वळत होता, वळत होता, अगदी शेवटपर्यंत वळत होता, आणि जमिनीला ढकलून सुटत होता. बाई कट्ट्यावर बसून त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.